सारिआहो, काइया
सारिआहो, काइया : (१४ ऑक्टोबर १९५२ – २ जून २०२३). विख्यात फिनिश संगीतरचनाकर्त्री. विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत यूरोपीय अभिजात संगीतात ज्या मोजक्या रचनाकारांनी स्वतःची स्वतंत्र नादसृष्टी उभी केली, त्यांत तिची गणना होते. संगणक व ध्वनिविश्लेषण यांच्या साहाय्याने नादाच्या अंतर्रचनेचा शोध घेण्यापासून तिच्या कार्यास प्रारंभ झाला आणि विरह, युद्ध, मातृत्व, अपराध यांसारख्या मानवी अनुभवांना वाचा देणाऱ्या ऑपेरांत त्याची परिणती झाली. पहिल्या टप्प्यात कमावलेल्या साधनांवरच दुसरा टप्पा उभा राहिला, हे तिच्या कारकीर्दीचे मुख्य सूत्र होय.

फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला. परंतु त्याआधीच यान सिबेलियस (१८६५–१९५७) याच्या सिंफनी व स्वरकाव्ये यांनी या लहान राष्ट्राला संगीताच्या नकाशावर स्थान मिळवून दिले होते. हेलसिंकी येथील प्रमुख संगीतविद्यालयही त्याच्याच नावाने ओळखले जाते. या थोर पूर्वसूरीची छाया पुढील पिढ्यांवर दीर्घकाळ राहिली. १९७५ मध्ये योनास कोक्कोनेन आणि औलिस सालिनेन यांचे दोन ऑपेरा रंगभूमीवर आले व त्यांना मोठी लोकप्रियता लाभली. फिनिश इतिहास, लोकजीवन आणि धर्मभावना यांवर आधारलेल्या अशा ऑपेरांची एक लाटच त्यानंतर देशात उसळली. सारिआहोच्या पिढीतील तरुणांना मात्र हे वातावरण कोंदट वाटत होते. यूरोपात अन्यत्र जे नवे प्रयोग चालले होते, त्यांचा वाराही आपल्या देशात पुरेसा येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

सारिआहोचा जन्म हेलसिंकी येथे झाला. तिचे माहेरचे नाव लाक्कोनेन. घरात संगीताची परंपरा नव्हती. मात्र लहानपणापासून ती नादाच्या बाबतीत विलक्षण संवेदनक्षम होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्याला उशीतून संगीत ऐकू येई आणि ते बंद कर, असे आपण आईला सांगत असू, अशी आठवण तिने पुढे अनेकदा सांगितली. वयाच्या सहाव्या वर्षापासून ती व्हायोलिन शिकू लागली. नंतर पियानोचेही शिक्षण तिने घेतले. रचनाकार होण्याची इच्छा मनात असूनही त्या थोर परंपरेत आपल्याला जागा असेल, असा विश्वास तिला वाटत नव्हता. म्हणून आरंभी तिने चित्रकला व आरेखन यांचे शिक्षण घेतले आणि हेलसिंकी विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. प्रकाश, रंग आणि रेषा यांविषयीची तिची जाण या काळात पक्की झाली व पुढे तिच्या रचनांच्या शीर्षकांत आणि घडणीत ती सतत प्रकटत राहिली. १९७६ मध्ये तिने सिबेलियस अकादमीत पाव्हो हाइनिनेन (१९३८–२०२२) या कठोर शिस्तीच्या रचनाकाराकडे रीतसर अध्ययन सुरू केले. त्या काळी रचनाशास्त्राच्या वर्गात मुली क्वचितच दिसत. ही मुलगी लवकरच लग्न करून संसाराला लागेल, तेव्हा तिला शिकवण्यात वेळ व्यर्थ जाईल, अशा समजुतीने काही अध्यापकांनी आपल्याला शिकवण्याचे नाकारले होते, असे तिने नंतर नमूद केले आहे.

१९७७ मध्ये अकादमीतील विद्यार्थ्यांनी ‘कोर्वात आउकी’ (म. अर्थ ‘कान उघडे’) या नावाची संस्था स्थापन केली. तीत सारिआहोबरोबर माग्नुस लिंडबेर्ग, एसा-पेक्का सालोनेन, एरो हॅमीननिएमी, योउनी काइपाइनेन इ. तरुण होते. नव्या संगीताच्या मैफली भरविणे, त्यावर चर्चा घडवून आणणे आणि देशाबाहेरील घडामोडींशी संपर्क साधणे, हे तिचे उद्दिष्ट होते. लिंडबेर्ग पुढे रचनाकार म्हणून, तर सालोनेन वाद्यवृंदसंचालक व रचनाकार म्हणून जगभर ख्याती पावला. विद्यार्थिदशेतील हा स्नेह सारिआहोच्या संगीताच्या प्रसारास आयुष्यभर उपकारक ठरला. तिच्या अनेक महत्त्वाच्या कृतींचे पहिले प्रयोग सालोनेनच्या संचालनाखाली झाले आणि याच मंडळीत वावरणारा चेलोवादक आन्सी कार्ट्टुनेन तिच्या चेलोरचनांचा प्रमुख वादक ठरला.

हेलसिंकीतील शिक्षण आटोपल्यावर सारिआहो जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ब्रायन फर्नीहो व क्लाउस हूबर यांच्याकडे शिकण्यास गेली. तेथे बारा स्वरांच्या पूर्वनियोजित क्रमावर आधारलेल्या क्रमवादी पद्धतीचा व अतिशय गुंतागुंतीच्या स्वरलेखनाचा प्रभाव होता. कागदावर दिसणारी ही गुंतागुंत कानाला जाणवत नसेल, तर तिचा उपयोग काय, असा प्रश्न तिला पडला. तशात १९८० मध्ये डार्मश्टाट येथील ग्रीष्मकालीन वर्गांत तिने जेरार ग्रिझे व त्रिस्तां म्यूराय या फ्रेंच रचनाकारांच्या कृती ऐकल्या. त्या ऐकून तिला आपली वाट सापडली.

या फ्रेंच रचनाकारांच्या पद्धतीस ध्वनिवर्णपटवादी म्हणता येईल. वाद्यातून निघणारा कोणताही स्वर एकेरी नसतो. मूळ स्वराबरोबर त्यापेक्षा उंच असे अनेक मंद अंशस्वर त्यात मिसळलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार हा भारतीय श्रोत्यास परिचित असलेला याच तत्त्वाचा आविष्कार होय. एकाच उंचीचा स्वर बासरीवर व व्हायोलिनवर भिन्न वाटतो, याचे एक प्रमुख कारण म्हणजे या अंशस्वरांचे प्रमाण. या भिन्नतेस नादगुण म्हणतात. प्रत्यक्ष ध्वनीचे विश्लेषण करून त्यातील अंशस्वरांवरून संगीताचा स्वरमेळ रचावयाचा, हे या पद्धतीचे सार आहे. नियम बाहेरून न लादता ते नादाच्या स्वभावातूनच शोधावेत, ही तीमागील भूमिका सारिआहोच्या वृत्तीशी जुळणारी होती.

अशा विश्लेषणास लागणारी साधने त्या वेळी फार थोड्या ठिकाणी उपलब्ध होती. पिएर बूलेझ याच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये स्थापन झालेली ‘इर्काम’ ही ध्वनी व संगीत यांची संशोधनसंस्था त्यांत अग्रगण्य होती. १९८२ मध्ये सारिआहो तेथे दाखल झाली आणि पुढे पॅरिस हेच तिचे कायमचे वास्तव्यस्थान झाले. त्याच संस्थेत काम करणारा रचनाकार झां-बातिस्त बारिएर याच्याशी तिचा १९८४ मध्ये विवाह झाला. तिच्या अनेक कृतींच्या इलेक्ट्रॉनिक अंगाच्या सिद्धतेत त्याचा वाटा आहे. इर्काममधील तिच्या पहिल्या प्रयोगांपैकी व्हेर ल ब्लाँ (१९८२, म. अर्थ ‘शुभ्राकडे’) ही संगणकनिर्मित कृती आहे. तीत तीन स्वरांचा एक संघ सु. पंधरा मिनिटांत दुसऱ्या संघात रूपांतरित होतो. हा बदल इतका संथ असतो की, कोणत्याही क्षणी तो घडताना जाणवत नाही. काही वेळाने मात्र आपण अन्यत्र पोहोचलो आहोत, असे श्रोत्याच्या ध्यानात येते. वाद्यवृंद व ध्वनिफीत यांसाठी लिहिलेल्या व्हेरब्लेंडुंगेन (१९८४) या कृतीचा आरंभच उत्कर्षबिंदूने होतो व नंतर तो दाट नाद हळूहळू विरत जातो. कागदावर ओढलेला कुंचल्याचा फटकारा हे तिच्या आकाराचे मूळ होते.

या प्रयोगांतून सारिआहोने आपली तात्त्विक भूमिका सिद्ध केली व १९८७ मध्ये एका निबंधाद्वारे ती मांडली. पाश्चात्त्य संगीतात सुसंवादी व विसंवादी स्वरमेळ यांच्या द्वंद्वातून ताण निर्माण होतो व त्याचे शमन होते. स्वरकेंद्री पद्धत मागे पडल्यानंतर हे साधन दुबळे झाले. त्याची जागा नादगुण घेऊ शकेल काय, हा तिचा प्रश्न होता. तिने एका टोकाला शुद्ध, स्वच्छ स्वर व दुसऱ्या टोकाला खरखरीत गोंगाट कल्पून त्यांच्यामध्ये एक अक्ष मांडला. व्हायोलिनचा गज तारेवर नेहमीच्या जागी फिरवला असता स्वर निर्मळ येतो. तो घोडीजवळ नेला किंवा दाब वाढवला, की स्वर फाटत जाऊन शेवटी नुसता घर्षणध्वनी उरतो. बासरीतही स्वच्छ फुंकीपासून निव्वळ श्वासाच्या आवाजापर्यंत असाच प्रवास करता येतो. या अक्षावरील ये-जा हीच तिच्या संगीतातील ताण आणि विसावा यांचे कारण बनली.

या विचाराचे पहिले परिपक्व फळ म्हणजे लिख्तबोगेन (१९८६, म. अर्थ ‘प्रकाशकमान’) ही नऊ वाद्ये व इलेक्ट्रॉनिक साधने यांसाठीची रचना. उत्तर ध्रुवीय प्रदेशात पाहिलेल्या ध्रुवीय प्रकाशावरून ती तिला सुचली. चेलोच्या ध्वनीचे संगणकाद्वारे विश्लेषण करून तीतील स्वरमेळ बेतलेला आहे. पण ऐकणाऱ्यास जाणवतो तो काळ्या आकाशात निःशब्द लहरणारा प्रकाशपट. १९८६ मध्येच डार्मश्टाट येथील क्रानिखश्टाइन पारितोषिक तिला मिळाले. त्यानंतरच्या कृतींत तंतुवाद्यचतुष्टयासाठीची निंफेआ (१९८७), चेलोसाठीची पेटल्स (१९८८) व बासरीसाठीची नोआनोआ (१९९२) या विशेष उल्लेखनीय आहेत. श्टिललेबेन (१९८८) या नभोवाणीसाठी केलेल्या रचनेस प्री इटालिया हा पुरस्कार लाभला. द्यू क्रिस्ताल (१९९०, म. अर्थ ‘स्फटिकापासून’) आणि आ ला फ्यूमे (१९९०, म. अर्थ ‘धुरापर्यंत’) या जोडरचना मोठ्या वाद्यवृंदासाठी आहेत. पहिलीच्या अंती चेलोवर उमटणारा कंपित स्वर हाच दुसरीचा आरंभ होय. स्फटिकाची काटेकोर रचना आणि धुराची निराकार चंचलता ही दोन टोके तिच्या साऱ्या कार्याला लागू पडतात.

व्हायोलिन व वाद्यवृंद यांसाठीचा ग्राल तेआत्र (१९९४) हा कॉन्चेर्टो तिने गिडॉन क्रेमर याच्यासाठी लिहिला. या कृतीत इलेक्ट्रॉनिक साधने नाहीत; तथापि यंत्राच्या सान्निध्यात घडलेला तिचा कान साध्या वाद्यांतूनही तीच सूक्ष्मता काढून घेतो. सलग, आर्त स्वररेषाही येथे प्रथमच ठळकपणे पुढे येते. याच सुमारास मानवी कंठाकडे तिचे लक्ष अधिकाधिक वळू लागले. अमेरिकन गायिका डॉन अपशॉ हिच्या आवाजाने ती प्रभावित झाली होती. तिच्यासाठी लिहिलेल्या लोन्ह (१९९६) या रचनेत बाराव्या शतकातील फ्रेंच चारणकवी झोफ्रे रूदेल याचे प्राचीन ऑक्सितान भाषेतील काव्य योजिले आहे. या रचनेस २००० साली नॉर्डिक परिषदेचे संगीत-पारितोषिक मिळाले.

ऑपेरा हा प्रकार आपल्यासाठी नाही, असे सारिआहो तरुणपणी मानत असे. १९९२ मध्ये झाल्सबुर्ग येथे ऑलिव्ह्ये मेसियां याचा संत फ्रान्सिसवरील ऑपेरा पीटर सेलर्स याच्या दिग्दर्शनाखाली तिने पाहिला आणि तिचे मत पालटले. बाह्य घडामोडी फारशा नसतानाही केवळ अंतर्मनाच्या हालचालींवर दीर्घ नाट्य उभे राहू शकते, असे तिला दिसून आले. लामूर द ल्वँ (२०००, म. अर्थ ‘दूरस्थ प्रेम’) हा तिचा पहिला ऑपेरा. त्याची संहिता अमीन मालूफ या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या फ्रेंच कादंबरीकाराची आहे. ब्लायचा राजपुत्र रूदेल हा समुद्रापलीकडील त्रिपोलीच्या क्लेमांस या न पाहिलेल्या सरदारकन्येवर काव्ये रचतो. एक यात्रेकरू दोघांमध्ये निरोप नेतो-आणतो. अखेरीस रूदेल समुद्रप्रवासास निघतो. परंतु वाटेतच आजारी पडून तिच्या मिठीत प्राण सोडतो. तीन गायक, एक गायकवृंद व वाद्यवृंद एवढ्या सामग्रीवर पाच अंकांचा हा ऑपेरा उभा आहे. १५ ऑगस्ट २००० रोजी झाल्सबुर्ग येथे केंट नगानोच्या संचालनाखाली व सेलर्सच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. स्वदेश सोडून पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या दोन कलावंतांची ही कृती असल्यामुळे तीतील दुराव्याची व्यथा केवळ मध्ययुगीन दंतकथेपुरती राहिली नाही. संथपणे पालटणारा नाद हे प्रयोगशाळेत घडविलेले साधन येथे प्रतीक्षेचे नाट्यरूप बनले. २००३ मध्ये या ऑपेरास अमेरिकेतील ग्रॉमायर पारितोषिक देण्यात आले.

डिसेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन ऑपेराने लामूर द ल्वँ रंगभूमीवर आणला. रोबेर लपाज याच्या दिग्दर्शनात रंगमंचावर पसरलेल्या दिव्यांच्या माळांनी समुद्र साकारला होता आणि सुसान्ना मॅल्की ही फिनिश वाद्यवृंदसंचालिका संचालन करीत होती. स्त्रीने रचलेला ऑपेरा त्या संस्थेत यापूर्वी एकदाच, १९०३ साली, सादर झाला होता. तो इंग्रज रचनाकर्त्री एथेल स्माइथ हिचा देअर वाल्ट हा होय. मधली ११३ वर्षे रिकामी गेली, ही गोष्ट वृत्तपत्रांतून मोठ्या चर्चेचा विषय झाली. ‘स्त्री-रचनाकार’ हे बिरुद सारिआहोस तरुणपणापासून नकोसे वाटत आले होते. आपल्या संगीताचा विचार संगीत म्हणूनच व्हावा, असा तिचा आग्रह होता. मात्र पुढील पिढीतील मुलींनाही त्याच अडथळ्यांशी झगडावे लागत असल्याचे पाहून उत्तरायुष्यात ती या विषयावर उघडपणे बोलू लागली.

मालूफच्या संहितेवरील दुसरा ऑपेरा आद्रियाना माटेर २००६ मध्ये पॅरिस येथे सालोनेनच्या संचालनाखाली सादर झाला. युद्धकाळात बलात्कारास बळी पडलेली आद्रियाना बहिणीचा विरोध असतानाही गर्भ वाढवते. आपल्या मुलाच्या रक्तात खुन्याचे वारे असेल की आपले, हा प्रश्न तिला वर्षानुवर्षे छळतो. मोठा झालेला मुलगा सत्य कळताच पित्यास मारण्यास निघतो. तथापि अंध झालेल्या त्या माणसावर त्याचा हात उठत नाही आणि आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. एकाच देहात दोन हृदयांची स्पंदने असण्याचा सारिआहोचा स्वतःचा गर्भारपणातील अनुभव या कृतीच्या मुळाशी आहे. दोन भिन्न गतींची एकमेकींवर पडणारी स्पंदने तिच्या तालरचनेतही आढळतात. सिमोन वेय या फ्रेंच विचारवंत स्त्रीच्या जीवनावरील ला पास्यों द सिमोन (२००६) हे ऑरेटोरिओ पंधरा स्थानकांत विभागलेले असून क्रूसमार्गाच्या परंपरेचे ते आधुनिक रूप आहे. एमिली (२०१०) हा एकपात्री ऑपेरा तिने फिनिश गायिका कारिता माट्टिला हिच्यासाठी लिहिला. न्यूटनच्या प्रिन्सिपियाचा फ्रेंच अनुवाद करणारी एमिली द्यू शातले (१७०६–४९) प्रसूतीपूर्वी मृत्यूच्या सावटात काम पुरे करण्यासाठी धडपडते, हे त्याचे कथानक. यानंतर जपानी नो नाटकांवर आधारित ओन्ली द साउंड रिमेन्स (२०१६) या ऑपेरात तिने कांतेले या पारंपरिक फिनिश तंतुवाद्याची योजना केली. याच काळातील नोट्स ऑन लाइट हा चेलो कॉन्चेर्टो, लाटेर्ना माजिका ही बर्लिन फिलहार्मोनिकने सादर केलेली वाद्यवृंदकृती आणि रूमीच्या फार्सी काव्याचे ध्वनिमुद्रित पठण गुंफलेली सर्कल मॅप (२०१२) या रचना महत्त्वाच्या आहेत.

इनोसन्स (म. अर्थ ‘निरपराधित्व’) हा सारिआहोचा अखेरचा ऑपेरा. त्याचा २०२० मध्ये व्हावयाचा पहिला प्रयोग कोविड महासाथीमुळे पुढे ढकलला जाऊन ३ जुलै २०२१ रोजी फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथे झाला. मूळ संहिता सोफी ओक्सानेन या फिनिश कादंबरीकर्त्रीची असून तिचे बहुभाषिक रूप सारिआहोचा पुत्र आलेक्सी बारिएर याने सिद्ध केले. हेलसिंकीतील एका विवाहसमारंभात ऐनवेळी कामावर आलेल्या वाढपिणीस कळते की, दहा वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय शाळेत गोळीबार करून आपल्या मुलीचा जीव घेणारा तरुण हा याच वराचा भाऊ आहे. वर्तमानातील समारंभ आणि भूतकाळातील शाळा रंगमंचावर एकत्र नांदतात. तेरा पात्रे नऊ भाषांत गातात व बोलतात. मृत मुलीच्या भूमिकेस लोकगायनाचा तीव्र, मोकळा आवाज योजलेला आहे. अपराध्यापलीकडेही प्रत्येकाच्या वाट्याला दोषाचा एकेक अंश येतो आणि पूर्णतः निरपराध कोणीच उरत नाही, हे सत्य प्रेक्षकास क्रमाक्रमाने उमगत जाते. शुद्ध स्वर आणि गोंगाट यांमधला जुना अक्ष येथे नैतिक अर्थ धारण करतो. हेलसिंकी, लंडन, ॲम्स्टरडॅम व सॅन फ्रान्सिस्को येथेही या ऑपेराचे प्रयोग झाले आणि एकविसाव्या शतकातील श्रेष्ठ ऑपेरांत समीक्षकांनी त्याची गणना केली.

या पहिल्या प्रयोगाआधी काही महिने, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सारिआहोस मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. ही गोष्ट तिने जाहीर होऊ दिली नाही व ती लिहीत राहिली. हश (२०२३) हा फिनिश वादक व्हेर्नेरी पोहयोला याच्यासाठीचा ट्रंपेट कॉन्चेर्टो ही तिची शेवटची कृती होय. पॅरिस येथे तिचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सालोनेनच्या संचालनाखाली आद्रियाना माटेरचे प्रयोग झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रणास २०२५ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हशचा पहिला प्रयोग ऑगस्ट २०२३ मध्ये हेलसिंकीत झाला. त्या शहरातील संगीतभवनात ऑर्गन नव्हता. तो बसविण्यासाठी सारिआहोने २०१७ मध्ये दहा लाख यूरोंची देणगी दिली होती. जानेवारी २०२४ मध्ये तो वाजू लागला. तिला मिळालेल्या मानसन्मानांत डेन्मार्कचे सॉनिंग पारितोषिक (२०११), स्वीडनचे पोलर संगीत पारितोषिक (२०१३) व व्हेनिस बिएन्नालेचा सुवर्णसिंह (२०२१) यांचा अंतर्भाव होतो.

सारिआहोच्या संगीतावर काही आक्षेपही घेण्यात आले. त्यात गती कमी आहे, लक्षात राहणारी स्वरावली क्वचित आढळते, पृष्ठभागाच्या सौंदर्यात ते रमते, असे टीकाकार म्हणत. तिच्या काही आरंभीच्या कृतींबाबत या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि तिने त्या संथपणाचा त्याग न करता त्याचा अर्थ पालटला. जो संथ बदल आरंभी नादाचा गुणधर्म होता, तो पुढे माणसाच्या मनातील बदलाचा गुणधर्म झाला. प्रेम, द्वेष व क्षमा यांचाही उगम नेमक्या कोणत्या क्षणी झाला, हे सांगता येत नाही. काही काळाने माणूस अन्यत्र पोहोचलेला असतो. राष्ट्रीय दंतकथांचा आधार न घेता, परदेशात राहून व परभाषांतील संहितांवर काम करून तिने फिनिश संगीताला सिबेलियसनंतरचे एक स्वतंत्र अधिष्ठान दिले. उत्तरेकडील प्रकाश आणि अंधार यांचे भान मात्र तिच्या नादातून शेवटपर्यंत लोपले नाही.